वाळत घातलेली गोधडी

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी विमा एजंटानं दिलेली. दर पानाच्या तळाशी माझ्या मरणाची आठवण छापलेली आहे, तेव्हा सुरुवात विषयाला धरूनच होतेय. जानेवारीपासून कोरी पडली होती.

आज इथल्या मराठी मंडळाच्या ऑफिसात क्षमा नावाच्या बाई आल्या. चेरीतालात, मंडळाच्या दोन गल्ल्या पलीकडे, त्यांचा एक गट चालतो, एचआयव्ही असलेल्या लोकांचा. आपल्यालाही आहे हे त्या अशा सांगतात, जसं आपण सांगतो की आम्ही मूळचे अमरावतीचे. त्यांना एक गोधडी करायची आहे. या आजारानं इथली जी माणसं गेली, त्यांच्या कपड्यांचे तुकडे जोडायचे, तुकड्यातुकड्यावर नाव लिहायचं आणि एक डिसेंबरला, एड्स दिनी, ती चारचौघांत टांगायची. नावं लिहायला सुंदर अक्षराचा माणूस पाहिजे होता. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मंडळाच्या इतिहासातलं हे दुसरं एकमत. पहिलं साबुदाणा वड्याबद्दल होतं.

माझी ख्याती अशी की खमरियाच्या कारखान्यात मी कारकुनी करतो आणि मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी लोकांना दुखवतो. अक्षर मात्र चांगलं आहे.

"अडचण एकच, आल्हादजी," क्षमाबाई म्हणाल्या. "कपडेच नाहीत. माणूस गेला की घरच्यांनी सगळं जाळून टाकलं. गादी, चादर, चपलासुद्धा. आता जे मिळून राहिलं ते घेऊन राहिलो. कोणाची डब्याची पिशवी, कोणी ज्या पडद्याला हात पुसायचा तो पडदा. तुमचं कोणी होतं का, भैया?"

म्हटलं, छे. एक सहकारी होता. शेजारी. म्हणजे लग्नाआधी आम्ही एका क्वार्टरमध्ये राहायचो. मित्र.

"अरे, इतके गेले?"

"एकच," मी म्हणालो.

८ नोव्हेंबर, शनिवार

कपाट आवरताना गौतमचा शर्ट सापडला. निळ्या चौकड्यांचा, पूर्ण बाह्यांचा. धुण्यात अदलाबदल होऊन आमच्याकडे राहिला असणार. दोन पुरुष एका क्वार्टरमध्ये आठ वर्षं राहिले की कपड्यांचं असं होतं. मग माझं लग्न झालं, तो पलीकडच्या क्वार्टरमध्ये गेला. पुढे आजारी पडला आणि इथे औषध मिळायला लागलं त्याच्या आदल्या वर्षी गेला. वीस वर्षं झाली. त्याच्या भावानं, रामकृष्णानं, लोकांना टीबी सांगितला. लोकांनी मान डोलावली आणि सुतकाच्या घरी चहा प्यायचा टाळला.

शर्ट माझ्या लग्नाच्या सुटाच्या आत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. अधूनमधून, दोन-चार वर्षांतून एकदा, जागेवर आहे ना म्हणून मी पाहायचो. कसर नाही, डाग नाही. आत डांबरगोळ्या टाकून ठेवल्या होत्या, त्या अजून तशाच गोल, टणक. हल्ली सगळ्या वस्तू बेकार झाल्यात असं आपण म्हणतो, पण डांबरगोळ्या टिकतात.

बायकोला, दीपाला, म्हटलं, "हा बघ, गौतमचा शर्ट निघाला. देऊन टाकतो त्या बाईंना."

दीपा पोळ्या लाटत होती. "पूर्ण देताय?"

"पूर्ण काहून? तुकडाच लागतो."

"मग पूर्णच द्या," ती म्हणाली. "तुकडा कापला तर उरलेला कुठं ठेवाल?"

बायकांना जागेची फार काळजी असते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसातून थेट क्षमाबाईंकडे. जमिनीवर जुन्या साड्यांचे थर पसरून बायका चारी बाजूंनी बसतात आणि आत आत टाके घालत येतात. मला एकट्यालाच खुर्ची. पाहुण्याला दूर ठेवायचा हा जुना सभ्य उपाय आहे.

कापडावर लिहायचं पेन मी मुद्दाम बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आणलं. बायकांचं म्हणणं, नाव धाग्यानं घाला. मी समजावलं की धाग्यानं अक्षराची शिस्त जाते, वेलांटीची जिलबी होते. पेनवाला म्हणाला होता, लिहून झाल्यावर मागून इस्त्री फिरवा, पक्कं होतं. आता रुईच्या गादीएवढ्या जाड गोधडीला इस्त्री कोण करणार? शाई काळी कुळकुळीत उमटतेय. पुरे आहे.

एक बाई नवऱ्याची डब्याची पिशवी घेऊन आली. नाव विचारलं तर लाजून हसायला लागली. आयुष्यभर नाव घेतलं नव्हतं. क्षमाबाई म्हणाल्या, "उखाणा घे मग," आणि सगळ्या हसत सुटल्या. ती बाईही हसली. मग तिनं नाव सांगितलं, मी लिहिलं, आणि तिनं वाचता येत नसताना बोटानं ते पुन्हा पुन्हा गिरवलं. ओली शाई बोटाला लागली तर म्हणे, "चला, एवढा तरी रंग लागला."

गौतमचं नाव शेवटी लिहिलं. आधी कागदावर लिहून पाहिलं, मात्रा वाकडी गेली. वयामुळे. दुसऱ्यांदा बरं आलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

जागा मिळत नाही. एक शाळा म्हणाली, मुलं घाबरतील. एका लॉनवाल्यानं लग्नसराईचं कारण दिलं, मग विषय कळल्यावर लग्नसराई मार्चपर्यंत लांबवली. तिसऱ्यानं विचारलं, गोधडी लोकांच्या अंगाला लागेल का? मी म्हटलं, आम्ही ती दाखवणार आहोत, पांघरवणार नाही. त्यानं फोन ठेवला.

उरला आमचा मंडळाचा हॉल. त्याचा सचिव रामकृष्ण, गौतमचा थोरला भाऊ. हॉलच्या मागेच राहतो, किल्ली त्याच्या घरी खिळ्याला असते. आज गेलो. पोह्यांची बशी हातात ठेवून तो म्हणाला, "हॉल घे. आम्ही काही मागासलेले नाही. फक्त त्याचं नाव नको."

"कोणाचं?"

"आल्हाद, शहाणपणा नको करू. माझ्या प्रणोतीचं लग्न नागपूरला जमून राहिलं आहे. पाहुणे याच महिन्यात येतील. आणि आईला टीबी माहीत आहे. एक्क्याऐंशी वर्षांची आहे ती. आता काय सांगू तिला?"

आतल्या खोलीतून अनसूयाकाकूंचा आवाज आला, "कोण आलं रे?"

"आल्हाद आहे, आई."

"गौतमचा आल्हाद?"

रामकृष्णानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "हो काकू."

"जेवून जा म्हणावं."

मी जेवलो नाही. पण मान्य केलं. बाकीच्यांना तरी भिंत मिळाली पाहिजे. एका नावावर ठिगळ लावलं तर काय बिघडतं? शर्ट तर राहतोच. मेलेल्या माणसाला गैरसोय सांगता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात तीन पत्रांवर चुकीच्या तारखा टाकल्या. साहेब म्हणाले, "तबीयत ठीक है?" म्हटलं, पोहे बाधले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ठिगळ लावायला गौतमचा भाग घरी आणला. अजून गोधडीत जोडायचा राहिला होता. दुपारी सुई ओवून बसलो. नाव झाकायला किती टाके लागतील याचा अंदाज घेत राहिलो आणि चहा गार झाला. पुन्हा मागवला, तोही गार झाला. शर्टाची दोन नंबरची गुंडी वेगळी आहे, पांढऱ्यांमध्ये एक पिवळट. त्याची आई म्हणायची, तुझ्या गुंड्या कुठं पडतात रे, आणि तो माझ्याकडे पाहायचा.

हे का लिहिलं कोण जाणे.

शेवटी दीपाला म्हटलं, "तूच लाव. मला शिवता येत नाही."

तिनं माझ्या हातातून घेतलं. नाव वाचलं. "हे झाकायचं?"

"हो."

"तुमच्या मनानं?"

"रामकृष्णाच्या मनानं. मंडळाच्या मनानं. तुला लावायचं असेल तर लाव, नाही तर क्षमाबाई लावतील."

"ठेवा," ती म्हणाली.

मग दार लावून आत बसली. एवढंसं ठिगळ, त्याला दोन दिवस लागतील म्हणे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दीपानं घडी करून दिला. "झालं," म्हणाली. मी उलगडून पाहिलं नाही. तसाच क्षमाबाईंकडे पोचवला. त्यांनी पाहिलं, ठिगळावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "भाभींनी केलं?" मी हो म्हटलं. "अच्छा," म्हणाल्या. त्यांचं अच्छा मला आवडलं नाही. बायका एकमेकींचं शिवण तपासताना फार राजकारण करतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार

गोधडी टांगली. स्टेजच्या पडद्याचा दांडा कामी आला. सकाळी पाहिली तेव्हा मी दोन पावलं मागे सरकलो. पिशव्या, टॉवेल, मफलर, उशीचा अभ्रा, एका मुलीचा शाळेचा पट्टा, आणि सगळ्यांवर माझं अक्षर. मरणानंतर इतकं स्वच्छ कोणाचं नाव लिहिलं गेलं नसेल, असा अहंकार वाटला. त्यात खालच्या ओळीत उजवीकडे निळ्या चौकड्यांवर एक पांढरं ठिगळ. पडलेल्या दातासारखं.

जवळून पाहिलं तर टाके लांब लांब, सैल. दीपाची टीप एरवी मशीनसारखी असते. तिचीही आता नजर गेली.

दुपारी अनसूयाकाकू काठी टेकत आल्या. रामकृष्ण जेवून झोपला होता. त्या सगळ्या तुकड्यांवरून हात फिरवत गेल्या, देवळात प्रदक्षिणा घालावी तशा, आणि निळ्या चौकड्यांपाशी थांबल्या. पिवळट गुंडी चिमटीत धरली.

"ही मी लावलेली," म्हणाल्या. "घरात पांढरी नव्हती."

मी बाजूचा टॉवेल सारखा करू लागलो.

"रामकृष्ण तर म्हणाला, सगळे कपडे नर्मदेत सोडले. तेराव्याच्या आधी." त्या माझ्याकडे वळल्या. "हे राहिलं का रे?"

"राहिलं, काकू."

"आणि ही बाकीची? यांचंही राहिलं?"

"सगळ्यांचंच राहिलं," मी म्हटलं. "कोणाचं काही नीट झालं नाही, काकू. जाळलं, फेकलं. हे एवढंच आहे."

त्यांनी मान हलवली. वय फार झालं, आता गोष्टी धड लक्षात येत नाहीत. आजार कोणता, नाव का झाकलं, काहीच विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "वीस वर्षं अडकून राहिलं म्हणायचं पोरगं." मी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. संकट टळलं.

परवा बायका आपापल्या घरच्यांना आणणार. काही जणी पहिल्यांदाच बुरखा न घालता, म्हणजे तोंडाला ओढणी न बांधता येणार.

३० नोव्हेंबर, रविवार

हे लिहितोय तेव्हा हाताला गाळाचा वास आहे.

सकाळी खुर्च्या लावायला गेलो तर दांडा मोकळा. गोधडी नाही. कुलूप शाबूत. किल्ली कोणाकडे असते ते मला माहीत होतं.

रामकृष्णाच्या अंगणात मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेजारच्या गच्चीवरची माणसं खाली वाकून ऐकत होती. मी म्हटलं, आता कुठं जाळलंस ते सांग. तो नुकती दाढी करून बाहेर आला होता, एका गालाला फेस तसाच होता.

"मी नाही नेली, आल्हाद."

"पहिल्या वेळी कोणी जाळलं?"

तो पायरीवर बसला. "तेव्हा मीच जाळलं. क्वार्टरच्या मागे. रॉकेल ओतलं. त्याची हार्मोनियमसुद्धा टाकली मी त्यात." गालावरचा फेस त्यानं तळहातानं पुसला. "तिचा भाता जळताना आवाज येऊन राहिला होता. सूर नव्हता, नुसती हवा निघत होती. एकदाच जाळलं रे. पुन्हा नाही जमणार मला."

मला ही हार्मोनियमची गोष्ट माहीत नव्हती. मी समजत होतो, ती कोणाला तरी दिली. इतकी वर्षं रस्त्यात कुठे पेटी वाजली की थांबून ऐकायचो.

तेवढ्यात प्रणोती आतून आली. "बाबा, आजी अजून आली नाही. रोज तो आठ बजे तक आ जाती है." दर रविवारी काकू ठरलेल्या ऑटोनं नर्मदेवर जातात. खिळ्याची किल्ली स्टुलावर होती.

मी आणि रामकृष्ण एकदमच उभे राहिलो.

त्याच्या गाडीवर मागे बसून ग्वारीघाटाला गेलो. क्षमाबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "रुको, आ रही हूँ," आणि वर काहीच नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काकू घाटाच्या पायरीवर ओल्या पातळानं बसल्या होत्या. त्यांच्यासमोर नावाडी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून काहीतरी ओढत होता. ऑटोवाला वरून धरून होता.

"माताराम ने नर्मदाजी में सिरा दिया था," नावाडी म्हणाला. "हमारी नाव की रस्सी में फँस गया. इतना भारी! किसका बिस्तर है?"

काकू शांत होत्या. "मी नीट सोडलं होतं, रामकृष्णा. फूल वाहिलं, दिवा सोडला. पुढे जाईना. नर्मदेनं घेतलं नाही."

"आई, ती दुसऱ्यांची होती गं," रामकृष्ण म्हणाला. "सगळ्यांचे कपडे होते त्यात."

"माहीत आहे. यानं सांगितलं, सगळ्यांचंच राहिलं म्हणून." त्यांनी काठीनं मला दाखवलं. "एकट्याचंच कसं कापून घेऊ? बाकीच्यांच्या आया कुठं आहेत, कोणाला माहीत. सगळ्यांना सोबत सोडलं."

आम्ही चौघांनी ओढून ती पायऱ्यांवर पसरली. पहाटे काकूंच्या सांगण्यावरून दांड्यावरून उतरवली होती ती याच ऑटोवाल्यानं. साड्यांचे थर पाणी पिऊन दगडासारखे झाले होते. पाण्याचा लोट उतरला तसा काळा निघाला, आणि मग मला दिसलं.

नावं नव्हती. एकही नाही. कुठे राखाडी डाग, कुठे अर्धी वेलांटी. पिशवीवर, टॉवेलवर, पट्ट्यावर, सगळीकडे नुसता धूर. मागून इस्त्री फिरवा म्हणाला होता. धाग्यानं घाला म्हणाल्या होत्या. एकदा त्यांना घरच्यांनी पुसलं, दुसऱ्यांदा माझ्या सुंदर अक्षरानं.

क्षमाबाई आल्या तेव्हा मी पायरीवर गुडघे टेकून पिशवीवरचं नाव बोटानं शोधत होतो. त्यांनी सगळी गोधडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत पाहिली. त्यांच्या नवऱ्याचा मफलर मधल्या ओळीत आहे. तिथे थांबल्या, खाली वाकल्या, तो दोन्ही हातांनी पिळला आणि पुन्हा सारखा केला. मग खालच्या ओळीत उजवीकडे गेल्या.

"आल्हादजी. इधर आइए."

ठिगळ पाण्यानं सुटून गेलं होतं. धावदोऱ्याचा एक सैल धागा तेवढा लोंबत होता. त्याखाली, निळ्या चौकड्यांवर, लाल धाग्यात, माझ्याच अक्षरावरून बारीक दुहेरी टाका घातलेला. वेलांटी नाही, जिलबी नाही. गौतम.

एवढ्या मोठ्या गोधडीवर तेवढं एकच नाव उरलं होतं.

रामकृष्णानं ते पाहिलं. ऊन वर आलं होतं, रविवारची गर्दी, लोक गोधडीला वळसा घालून पाण्याकडे जात होते, जाताना वाचत होते. एका बाईनं विचारलंही, "गौतम कौन है?" रामकृष्ण पुढे झाला आणि नावाच्या बाजूला असा बसला की त्याची सावली पूर्ण त्या नावावर पडली. तो काही करत नव्हता. नुसता गुडघ्यात मान घालून बसला होता. खांदे हलत होते. मी त्याच्याजवळ गेलो नाही, आणि तो मला म्हणालाही नाही की बघ, शब्द मोडलास.

काकू वरच्या पायरीवरून बघत होत्या. पापड वाळत घातल्यावर कावळे हाकायला बसतात तशा, काठी आडवी घेऊन.

"रामकृष्णा," त्या म्हणाल्या. "सरक तिकडं. ऊन लागू दे त्याला."

तो थोडा वेळ तसाच बसला. मग सरकला.

१ डिसेंबर, सोमवार

गोधडी अजून घाटावरच आहे. ओली वस्तू हॉलमध्ये नको, नव्या फरशीला डाग पडतील, असं मंडळानं कळवलं. इथे कोणाची परवानगी लागत नाही. वाळत घातलेल्या अंथरुणाला कोण हटकणार? बायका तिथेच आल्या. घरच्यांपैकी आलं ते थोडंच कोणी. डब्याच्या पिशवीवाली आली, तिला मी सांगितलं की शाई गेली, चूक माझी. तिनं पिशवीवर हात ठेवला आणि म्हणाली, "नाव तर मी घेतलं नं त्या दिवशी." मग रडली. मला वाटलं, ती मला माफ करतेय. नाही, तिचं तिचं रडणं होतं.

क्षमाबाईंनी लाल धाग्याची रिळं आणलीत. मला सुई दिली आणि खुर्ची दिली नाही. दिवसभरात एक अक्षर झालं, तेही वाकडं. या वेगानं सगळी नावं जानेवारीपर्यंत तरी व्हायची नाहीत. क्षमाबाई म्हणाल्या, आपल्या गोळ्या वेळेवर चालू आहेत, घाई नाही.

नागपूरच्या पाहुण्यांना काल कोणीतरी घाटावरचा फोटो पाठवला. रामकृष्णानंच फोन करून मला सांगितलं, आणि मी काही म्हणायच्या आत ठेवून दिला. काकू त्याला काही विचारत नाहीत. मला वाटतं, त्यांना कधीच विचारायचं नव्हतं.

घरी आल्यावर दीपाला म्हटलं, "ठिगळाची टीप इतकी कच्ची काहून घातलीस?"

"उसवायला सोपी जावी म्हणून."

"आणि खाली धागा?"

ती कणीक मळत होती. थांबली नाही. "तुमचं अक्षर चांगलं आहे. पण पाण्यात टिकत नाही. मला माहीत होतं."

"केव्हापासून?"

तिनं परातीतून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मळायला लागली. मी शाईचं विचारत होतो. बहुतेक.

आत्ता कपाट उघडलं. शर्टाची जागा रिकामी, वर्तमानपत्राचा चौकोन तेवढा आहे. त्यावर दोन नव्याकोऱ्या डांबरगोळ्या. मी ठेवलेल्या नाहीत.

किती वेळ उभा होतो कळलं नाही. दीपानं आतून हाक मारली, जेवायला या, पोळ्या गार होतील. मी गेलो.